दोन दारांची आलिशान मोटार घेण्याआधी ती कशी पारखावी

मागच्या उन्हाळ्यात धरमपेठेतील एका गृहस्थांनी मला घरी बोलावले. हैदराबादेत विकायला निघालेली दोन दारांची एक बेंटले त्यांच्या मनात भरली होती आणि सौदा पक्का करण्यापूर्वी ती कोणीतरी जाणत्याने पाहावी, अशी त्यांची इच्छा होती. आम्ही छायाचित्रे पाहत बसलो असताना त्यांच्या मातोश्री ताकाचे पेले घेऊन आल्या, मोबाईलच्या पडद्यावर एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "पैसे दहा गाड्यांचे द्यायचे, अन् दारं मात्र दोनच घ्यायची? हा कोणता हिशेब आहे बाप्पा!" गृहस्थ ओशाळून हसले. मी हसलो नाही. जुन्या आयात मोटारी तपासून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, पण या जातीच्या गाडीचे मर्म इतक्या थोडक्यात सांगणारा विक्रेता मला अजून भेटलेला नाही.

या गाडीत जागा कमी, दारे कमी, मागच्या आसनावर चढउतार अवघड, आणि किंमत मात्र त्याच कंपनीच्या चार दारांच्या गाडीच्या बरोबरीची किंवा तिच्याहून चढी असते. जे कोणालाही सोयीचे वाटेल ते यात जाणूनबुजून सोडून दिलेले असते. त्या सोडून दिलेल्या सोयींच्या मोबदल्यात काय मिळते, ते आपल्याला खरोखर हवे आहे काय, आणि नागपुरातल्या आपल्या घरी, आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या उन्हात ते टिकेल काय, एवढेच गाडी पारखताना पाहायचे असते. मी ज्या क्रमाने गाडी पाहतो, त्याच क्रमाने पुढे सांगतो.

परंतु गाडी पाहायला जाण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा: गेल्या वर्षभरात किती दिवस आपण स्वतः गाडी चालवली? ‘कूपे’ हा शब्द फ्रेंच भाषेतील ‘कापणे’ या क्रियापदावरून आलेला आहे. मोठ्या बंद घोडागाडीचा पुढचा भाग कापून ती लहान केली, की ती कूपे. पुढे युरोपात लांबच्या सफरीची मोटार ही कल्पना रुजली. दोघांनी सामानसुमान घेऊन एका दमात शेकडो किलोमीटर जावे आणि उतरताना अंग आंबलेले नसावे, ही त्या मोटारीकडून अपेक्षा असे. १९५२ साली आलेली बेंटलेची आर टाइप कॉन्टिनेन्टल ही या घराण्यातील मानाची गाडी. अशा अवघ्या २०८ गाड्या तयार झाल्या आणि मागच्या बाजूस एका ओघात उतरत जाणारे तिचे छप्पर आजही कंपनीच्या कलाकारांच्या डोळ्यांसमोर असते. रोल्स रॉइस फँटमसारखी चार दारांची गाडी मागच्या आसनावर बसणाऱ्या मालकासाठी बांधलेली असते. दोन दारांच्या गाडीत मालक सुकाणूमागे बसतो. नागपुरात ज्यांना अशी गाडी परवडते, त्यांच्याकडे ड्रायव्हर असतोच, आणि ड्रायव्हर असलेला माणूस हळूहळू मागे बसायला सरावतो. वर्षातून दहा दिवसही आपण स्टिअरिंगला हात लावत नसाल, तर ही गाडी आपल्यासाठी नाही, हे मी शुल्क न घेता सांगून टाकतो.

बाजारात प्रामुख्याने तीन नावे समोर येतात. २००३ साली आलेली बेंटले कॉन्टिनेन्टल जीटी चार पिढ्यांतून आजवर चालू आहे आणि जुन्या गाड्यांत तीच जास्त मिळते. रोल्स रॉइसची रेथ २०१३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली आणि २०२३ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्यानंतर आलेली स्पेक्टर ही पूर्ण विजेवर चालणारी आहे. भारतात ती जानेवारी २०२४ मध्ये ७.५ कोटी रुपये एक्स-शोरूम किमतीला दाखल झाली. यांखेरीज इतरही गाड्या आहेत, परंतु या तीन नीट पाहता आल्या, की बाकीच्या पाहता येतात.

बाहेरून पाहणे

शोरूमच्या दिव्यांखाली कोणतीही गाडी सुंदर दिसते, म्हणून तिथला निर्णय धरू नये. गाडी उन्हे कलल्यावर, झाडांची सावली असलेल्या मोकळ्या रस्त्यावर उभी करून घ्यावी. नागपुरात त्यासाठी सिव्हिल लाइन्ससारखी जागा नाही. तीस पावले लांब जाऊन गाडीकडे फक्त बाजूने पाहावे. पुढचे चाक आणि दाराची कड यांच्यात मोठे अंतर दिसले पाहिजे. त्या अंतरातूनच लांब बोनेट आणि मागे सरकलेली बैठक यांचा तोल साधतो. रोल्स रॉइसमध्ये चाकाची उंची गाडीच्या उंचीच्या निम्मी ठेवण्याचा जुना पायंडा आहे, तो डोळ्यांनी मापून पाहावा. छपराची रेषा पुढच्या काचेपासून डिक्कीच्या टोकापर्यंत कोठेही अडखळता कामा नये. चार दारांच्या गाडीला ही रेषा जमत नाही, कारण तिला मागच्या माणसाच्या डोक्याची आणि दाराची काळजी वाहावी लागते.

त्यानंतर चारही काचा खाली करायला सांगाव्यात. कॉन्टिनेन्टल जीटी आणि रेथ या दोन्हींत काचांच्या मधला खांब नसतो, त्यामुळे पुढच्या काचेपासून मागच्या कोपऱ्यापर्यंत एकच मोकळी खिडकी तयार होते. छायाचित्रात हे नीट कळत नाही. आमच्याकडील एका ग्राहकांनी गाडीचे इंजिन सुरू होण्यापूर्वीच, नुसत्या काचा खाली गेलेल्या पाहून मनोमन सौदा पक्का केला होता. त्यांना दोष देता येणार नाही, परंतु हा क्षण विक्रेत्यालाही ठाऊक असतो, म्हणून त्यानंतर पाच मिनिटे काही बोलू नये.

आता जवळ जाऊन फटी पाहाव्यात. दार जितके लांब, तितका त्याचा भार बिजागरीवर जास्त, आणि म्हणून जुन्या दोनदारी गाडीचे दार मोकळ्या टोकाकडून किंचित खाली उतरलेले असण्याची शक्यता असते. दार बंद असताना कडेची फट वर आणि खाली सारखी आहे काय, हे एक रुपयाचे नाणे धरून तपासावे, मग दुसऱ्या बाजूची फट त्याच्याशी ताडून पाहावी. दोन्ही बाजू सारख्याच बिघडलेल्या असतील तर ते वयाचे लक्षण. एकच बाजू बिघडलेली असेल तर अपघाताची शंका घ्यावी आणि रंगाची जाडी मोजणारे यंत्र लावून पाहावे. रोल्स रॉइसच्या अंगावर दोन्ही बाजूंनी जाणारी बारीक रंगीत रेषा कारखान्यात खारीच्या केसांच्या कुंचल्याने हाताने ओढली जाते. गाडीला ठोकर लागून पत्रा पुन्हा रंगवला असेल, तर बाहेरचा कारागीर तिथे बहुधा चिकटपट्टी लावतो. रेषेवरून अलगद नख फिरवावे. कड नखाला अडकली तर ती पट्टी आहे, आणि त्या पत्र्याची गोष्ट मालकाकडून काढून घ्यावी.

दार

दोन दारांच्या गाडीत सर्वांत जास्त वेळ दारापाशी घालवावा. रोल्स रॉइसच्या या गाड्यांत दाराची बिजागरी मागच्या बाजूला असते, म्हणजे दार जुन्या बग्गीसारखे पुढून उघडते. त्यामुळे माणूस पाय आधी बाहेर ठेवून, सरळ पुढे पाऊल टाकत उतरतो. कंबर वळवून मागे सरकावे लागत नाही. स्पेक्टरचे दार जवळजवळ दीड मीटर लांब आहे. बसल्यावर ते ओढून घ्यायला हात पोहोचणार नाही, म्हणून बटण दाबले किंवा ब्रेकवर पाय ठेवला, की ते आपले आपण मिटते. दारालगत छत्री ठेवायची नळी असते, ती ओली असेल तर आतून कुबट वास येतो. छत्री काढून हुंगून पाहण्यात संकोच मानू नये.

बेंटलेचे दार नेहमीसारखे पुढच्या बिजागरीवर उघडते, पण त्याला काचेची चौकट नसते. मूठ ओढताक्षणी काच बोटभर खाली सरकली पाहिजे आणि दार लागल्यावर पुन्हा वर जाऊन रबरात रुतली पाहिजे. हे दहा वेळा करून पाहावे. काच न उतरता दार उघडत असेल, तर प्रत्येक वेळी ती रबराला खरवडत असते, आणि पहिल्या पावसात पाणी आत येते. नागपुरात हे रबर विशेष काळजीपूर्वक पाहावे लागते. मुंबईच्या दमट हवेत वाढलेली गाडी इथे आली, की पहिल्या उन्हाळ्यातच रबर ताठर होते. चिमटीत धरून दाबले असता ते लगेच फुगून वर यायला हवे. दार शेवटच्या अर्ध्या बोटाएवढ्या अंतरात यंत्राने हलकेच ओढले जाते. त्या वेळी घरघर ऐकू आली, तर ते यंत्र म्हातारे झाले आहे असे समजावे.

आत बसणे

आत बसण्यापूर्वी हात धुवावेत. हे मी गमतीने म्हणत नाही. दुपारी सावजीची तर्री खाऊन आलेल्या एका पाहुण्याने मलईरंगी आसनावर जी निशाणी सोडली, ती काढायला दोन आठवडे लागले. या गाड्यांचे चामडे बैलाचे वापरतात, गायीचे नाही, कारण गाभण राहिलेल्या जनावराच्या कातडीवर ताणाच्या रेषा उमटतात. आणि कातडीवर ओरखडे नसावेत म्हणून काटेरी तारांचे कुंपण नसलेल्या मुलखातील जनावरे निवडतात. ज्यांच्या घरी चामडे चालत नाही, त्यांनी हा विषय आधीच मिटवावा. चालकाच्या आसनाची बाहेरची कड पाहावी. चढताउतरता तिथेच अंग घासते, आणि मीटरवर जर पंधरा हजार किलोमीटर दिसत असताना ती कड पापुद्रे सुटल्यासारखी दिसत असेल, तर दोहोंपैकी एक खोटे बोलते आहे.

लाकूड हा माझ्या आवडीचा भाग आहे, त्यामुळे येथे थोडे रेंगाळतो. एकाच खोडाचे पातळ पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उघडून डावीउजवीकडे लावतात, म्हणून डॅशबोर्डच्या मध्यापासून दोन्ही बाजूंची रेघारेघांची नक्षी एकमेकींचे प्रतिबिंब असते. बोट मध्यावर ठेवून दोन्ही बाजूंच्या गाठी जुळतात काय ते पाहावे. जुळत नसतील, तर एक फळी बदललेली आहे. फळीवरच्या चकाकीत केसासारख्या चिरा दिसल्या, तर गाडी उन्हात उभी राहिलेली आहे. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, बंद गाडीच्या डॅशबोर्डवर हात ठेववत नाही; तिथे लाकूड, सरस आणि चामडे आपापल्या गतीने फुगतात आणि आकसतात, आणि सर्वांत आधी वरची चकाकी हार मानते.

बेंटलेत हवेच्या झरोक्यांसाठी पेटीच्या खुंट्यांसारखे धातूचे छोटे दांडे असतात. ते ओढावेत आणि ढकलावेत. त्यांना एक जडपणा असतो, शेवटपर्यंत सारखाच. कोट्यवधी रुपये नेमके कोठे गेले, असे मला कोणी विचारले तर मी इंजिन न दाखवता हा दांडा त्यांच्या हातात देतो. रेथच्या छतात हौशी मालकांनी बसवून घेतलेले चांदणे असते, १,३४० बारीक प्रकाशतंतूंचे. रात्री ते लावून, एखादा पट्टा विझलेला आहे काय, हे मान वर करून तपासावे. मला स्वतःला हे चांदणे थोडे लग्नाच्या मंडपासारखे वाटते, पण लहान मुले त्याखाली अवाक होतात, हे मान्य केले पाहिजे.

यानंतर मागे बसावे, आणि विक्रेत्याच्या सांगण्यावर न जाता पूर्ण वीस मिनिटे बसावे. पुढचे आसन विजेवर पुढे सरकते आणि वाकते. ते किती वेळ घेते, हे घड्याळ लावून पाहावे, कारण उन्हात उभ्या असलेल्या माणसाला तो वेळ दुप्पट वाटतो. रेथमध्ये मागे दोन मोठी माणसे बऱ्यापैकी बसतात. कॉन्टिनेन्टल जीटीत शाळकरी मुले बसतात आणि मोठी माणसे दाटीवाटीने सोसतात. घरात नऊवारी नेसणारे कोणी असेल, गुडघेदुखीचे कोणी असेल, तर त्यांना सोबत न्यावे आणि मागे बसवूनच पाहावे. एका ग्राहकांच्या आत्याबाई आत गेल्या खऱ्या, पण बाहेर येताना दोघांनी हात द्यावा लागला, आणि त्यांनी घरी जाऊन त्या गाडीला ‘विहीर’ असे नाव ठेवले. ते नाव अद्याप चालू आहे.

इंजिन आणि रस्ता

रेथमध्ये ६,५९२ सीसीचे बारा सिलिंडरचे, दोन टर्बो लावलेले इंजिन आहे, ६२४ अश्वशक्तीचे. बेंटलेच्या पहिल्या जीटीत ६ लिटरचे बारा सिलिंडरचेच पण डब्ल्यू आकाराचे, सुमारे ५५० अश्वशक्तीचे इंजिन होते; त्या जातीच्या इंजिनाचे उत्पादन २०२४ मध्ये बंद झाले. हे आकडे ऐकून लोकांना शर्यत आठवते, पण या गाड्यांत ताकद वापरण्यासाठी कमी आणि शिल्लक ठेवण्यासाठी जास्त असते. रोल्स रॉइसमध्ये इंजिनाचे फेरे दाखवणारे घड्याळच नसते; त्याऐवजी किती टक्के ताकद अजून हाताशी आहे, हे दाखवणारा काटा असतो. वर्धा रोडवर साठच्या वेगाने जाताना तो नव्वदीच्या पुढेच असतो. सावकाराने तिजोरी न उघडता बसावे, तसे हे आहे, आणि ते ज्याला उमगते त्यालाच या इंजिनाचा मोबदला मिळतो.

तपासणीसाठी गाडी सकाळी, रात्रभर थंड झालेली असताना सुरू करून घ्यावी; आपण पोहोचण्यापूर्वीच बोनेट गरम असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. पहिल्या दहा सेकंदांत साखळीचा खडखडाट, निळसर धूर किंवा डळमळते फेरे आढळले तर तिथेच थांबावे. डब्ल्यू आकाराचे इंजिन इतके दाटीने बसवलेले असते, की एरवी किरकोळ वाटणाऱ्या दुरुस्तीसाठीही ते खाली उतरवावे लागू शकते.

यापुढचा मुद्दा मी चूक करून शिकलो आहे. या गाड्या पोलादी स्प्रिंगांऐवजी हवेच्या फुग्यांवर तरंगतात. काही वर्षांपूर्वी मी एका ग्राहकांसाठी गाडी तासभर चालवून पाहिली, सगळे ठीक वाटले, आणि होकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी रामदासपेठेतील त्यांच्या गॅरेजात गाडी पुढच्या डाव्या कोपऱ्यावर बसलेली होती, म्हैस बसते तशी. फुग्याला बारीक गळती होती. इंजिन चालू असताना कॉम्प्रेसर हवा भरत राहतो, म्हणून ती मला कळली नव्हती. मी माझे शुल्क परत केले, पण त्याने फुगा येत नाही. तेव्हापासून मी संध्याकाळी चारही चाकांच्या कमानींची जमिनीपासूनची उंची मोजून लिहून ठेवतो आणि सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी पुन्हा मोजतो. बोटभराचा फरक पडला, तरी किमतीवर बोलणी नव्याने सुरू करावीत.

नागपूरचे सिमेंटचे रस्ते या तपासणीला उपयोगी पडतात. सांध्यांवरून जाताना ‘टप-टप’ असा दबका आवाज यावा, पण स्टिअरिंगला झटका बसू नये. वस्तीतील गतिरोधक मात्र कोणत्याही मापात बसणारे नसतात. गाडीत चार माणसे बसवून आपल्या गल्लीतील सर्वांत उंच गतिरोधकावरून ती तिरपी, सावकाश नेऊन पाहावी. गाडी उंच करण्याचे बटण असेल तर ते किती वेळात काम करते, तेही पाहावे. इतवारी आणि महालच्या बोळांत ही गाडी नेण्याचा विचारही करू नये, आणि मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी तर ती घराबाहेरच काढू नये.

या गाडीचा खरा रस्ता म्हणजे समृद्धी महामार्ग. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता तयार झाला. लांबच्या सफरीची ही मोटार विदर्भात प्रथमच आपल्या कामाच्या जागी आली आहे, असे म्हणायला हरकत नाही. तिथली वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. या गाड्यांना ती पायाचे बोट टेकवल्यासारखी वाटते, म्हणून वेग एका आकड्यावर धरून ठेवणारे क्रूझ कंट्रोल लावूनच जावे. स्पेक्टरची बॅटरी १०२ किलोवॅट-तासांची असून चाचणीत तिचा पल्ला ५३० किलोमीटरच्या आसपास धरलेला आहे. वातानुकूलन पूर्ण जोरात चालवत आणि महामार्गाच्या वेगाने जाताना तो कमी भरणार, तेव्हा मुंबई एका दमात गाठण्याची भाषा कोणी करत असेल तर त्याला ७०१ हा आकडा ऐकवावा.

महामार्गावर जाण्यापूर्वी टायर पाहिलेच पाहिजेत, आणि ते झिजेवरून न पाहता वयावरून पाहावेत. अशा गाड्या वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालतात, त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर आतून सुकलेले असते. टायरच्या अंगावर चार आकडी खूण असते. २३१९ असे असेल तर तो २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालेला आहे. सहा वर्षे उलटलेला टायर मी बदलायला सांगतो, आणि चारही टायरांची किंमत बोलीतून वजा करायला लावतो. स्टेपनी आहे काय, हेही विचारावे. रेथसारख्या गाडीत ती नसते. हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे टायर असतात, आणि तसा टायर वाटेतल्या गावी मिळणार नाही.

ऊन, राख आणि पाणी

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदवले गेले होते, आणि तितके नसले तरी बहुतेक उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. झाडाखालची सावली पुरेशी नाही. गाडीला पक्के छप्पर आणि तीन बाजूंनी भिंत हवी. गाडी उभी राहिली, की बॅटरी उतरते, आणि कॉन्टिनेन्टल जीटीच्या पहिल्या पिढीत डिक्कीत दोन बॅटऱ्या असतात, त्यामुळे संथ गतीने चार्ज करणारे यंत्र लावून ठेवण्यासाठी जवळच विजेचा पॉइंट असावा.

कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांमुळे शहराच्या उत्तर भागात राखेचा सूक्ष्म थर बसतो. ती राख कोरड्या फडक्याने पुसली, की रंगावर जाळे उमटते; काळ्या गाडीवर ते पाच-सहा पुसण्यांतच दिसू लागते. आधी पाण्याचा हलका फवारा, मग साबण, मग मायक्रोफायबर, हा क्रम घरच्या माणसाला स्वतः शिकवावा. ते पाणी बोअरचे नसावे. बोअरच्या पाण्यातील क्षार उन्हात क्षणात वाळतात आणि प्रत्येक थेंबाचे पांढरे वर्तुळ रंगात रुतून बसते.

पेट्रोलच्या बाबतीत एवढेच सांगतो, की आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २०% इथेनॉल असते आणि २००३ ते २०१० च्या दरम्यानच्या गाड्यांच्या इंधननळ्या ते गृहीत धरून बनवलेल्या नव्हत्या. त्या नळ्या बदललेल्या आहेत काय, हे सर्व्हिसच्या कागदांत शोधावे. बारा सिलिंडरची गाडी शहरात लिटरला चार-पाच किलोमीटर देईल, याची तक्रार नंतर करू नये.

कागदपत्रे

गाडी परदेशातून पूर्ण तयार स्थितीत आलेली असल्याने आरसीसोबत सीमाशुल्क भरल्याचे मूळ कागद पाहावेत, आणि चेसिस क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष वाचून तिन्ही ठिकाणी जुळवावा. ४०,००० डॉलरहून अधिक मूल्याच्या अशा मोटारींवर अनेक वर्षे सुमारे ११०% सीमाशुल्क होते, म्हणून इंग्लंडमधील किंमत येथे येईपर्यंत दुपटीच्या वर जात असे. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला असून त्यानुसार ठरावीक संख्येच्या मर्यादेत हे शुल्क टप्प्याटप्प्याने १०% पर्यंत उतरायचे आहे. बेंटले आणि रोल्स रॉइस दोन्ही इंग्लंडमध्येच तयार होतात. जुनी गाडी विकणारा ही बातमी आपणहून काढणार नाही. बोलणी सुरू होताच ती आपण काढावी.

परराज्यातील गाडी असेल तर तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, बँकेचा बोजा उतरवल्याचा दाखला आणि महाराष्ट्रात नव्याने भरावा लागणारा कर, या तिन्हींचा हिशेब सौद्यापूर्वी करावा. पहिल्या पिढीतील जीटीची पंधरा वर्षांची नोंदणी संपलेली असेल किंवा संपत आलेली असेल, तेव्हा फेरनोंदणीचा खर्चही त्यात धरावा. एक गोष्ट मी प्रत्येकाला बजावून सांगतो: जुनी बेंटले चांगल्या एसयूव्हीच्या किमतीत मिळते, पण तिचे सुटे भाग जुने होत नाहीत, ते आजच्या नव्या बेंटलेच्या भावानेच येतात. खरेदीच्या रकमेचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर ती गाडी परवडली असे म्हणू नये. अधिकृत कारागिरासाठी मुंबईचा रस्ता धरावा लागतो, म्हणून ट्रेलरवरून गाडी नेण्याचे भाडेही आधीच विचारून ठेवावे.

शेवटची तपासणी आपल्या घरी, गाडीशिवाय करायची असते. खडू आणि मोजपट्टी घ्यावी आणि पोर्चच्या फरशीवर गाडीचा आयत काढावा. बेंटलेसाठी लांबी सुमारे ४.८५ मीटर आणि रुंदी १.९५ मीटर, रेथसाठी लांबी ५.२७ मीटर. मग प्रत्यक्ष गाडीच्या दाराची लांबी मोजून आणलेली असते, तेवढी दोरी बिजागरीच्या जागी धरून दाराचा फेरा दोन्ही बाजूंना ओढावा. अडीच मीटर रुंदीच्या पार्किंगमध्ये या गाडीच्या दोन्ही बाजूंना वीतभर किंवा थोडी अधिक जागा उरते, आणि लांब दार तेवढ्यात माणूस बाहेर पडेल इतके उघडत नाही. चार दारांच्या गाडीचे आखूड दार तिथे कसेबसे चालून जाते.

धरमपेठेतील त्या घरी आम्ही असाच खडू ओढला. गाडी हैदराबादेत मी दोन दिवस पाहिली होती. फुगे शाबूत होते, लाकूड जुळत होते, टायर मात्र जुने होते आणि त्यांचे पैसे बोलीतून वजा झाले होते. उजव्या दाराचा फेरा पांढऱ्या रेषेने फरशीवरून निघाला आणि थेट तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यातून गेला. गृहस्थांनी मातोश्रींकडे पाहिले. त्यांनी वृंदावनाकडे पाहिले, रेषेकडे पाहिले आणि त्या काहीही न बोलता आत गेल्या. दोन दिवसांनी मला त्या घरून फोन आला, तो गवंडी माहीत आहे काय हे विचारण्यासाठी. वृंदावन जागचे हलणार नव्हते. डावीकडची कंपाउंडची भिंत दीड हात मागे घ्यायची होती.